चंद्रकोरींची राखण

बाने कोइरा, १४ मे

सख्या अखमुदू,

आर्लीत ऊन कसं आहे, घरची मंडळी कशी आहेत, कामाचा शीण उतरला का? आमच्याकडे ठीक. जुनी बाजरी संपत आलीय, पाऊस अजून महिनाभर लांब.

तुझं पत्र पोचलं. 'आळशी गुलामा, माझ्या भावाला माती दिलीस, जन्मात एक काम तरी नीट केलंस.' भाऊ गेल्यावरही तू आपल्या दोन जमातींचा थट्टेचा नेम मोडला नाहीस. तुम्ही तुआरेगांनी आम्हा जरमांना गुलाम म्हणायचं, आम्ही जरमांनी तुम्हाला बकरीचोर म्हणायचं. रागवायचं कुणी नाही, आणि रक्त काढायचं तर नाहीच नाही. मला उलट शिवी सुचेना. चार दिवस कागद घेऊन बसलोय.

टेकाडावरची ती कडक जमीन तुला आठवत असेल. तिथे आम्ही तीन वर्षं चंद्रकोरीसारखे खड्डे खणले, पाणी अडवलं. आता गुडघाभर गवत आहे, बाभळी कमरेला आल्यात. चौथ्या पावसापर्यंत जनावर आत सोडायचं नाही असं गावाने ठरवलं आणि राखणीला मला बसवलं.

तुझा भाऊ गिस्सा त्या दिवशी सकाळी शेळ्या घेऊन तिथे आला. त्याला चोरांनी गाठलं असं तुला कळवलं ना, ते आमच्या म्हाताऱ्यांनी बसून ठरवलेलं. चोर कुणी आलेच नव्हते.

"गुलामा, कुंपण उघड," तो म्हणाला. "तुझ्या मालकाच्या शेळ्या मरतायत."

"मरू देत. चोरीच्याच आहेत."

"विहीर आटली रे. दोन दिवस चारा नाही की पाणी नाही."

"मग तुझी दाढी चार त्यांना."

तो हसला, मीही हसलो. तो खरं सांगत होता, पण हसत सांगत होता, आणि मी मूर्ख, ते थट्टेवारीच नेलं. शेळ्यांच्या बरगड्या समोर दिसत होत्या. मग त्याने कुऱ्हाडीने कुंपण तोडलं. शेळ्या घुसल्या, बाभळींचे शेंडे खुडायला लागल्या, साली सोलायला लागल्या. माझं डोकं फिरलं.

मी कुदळ उचलली. "घाल की," म्हणत तो हसतच उभा राहिला. हातात कुऱ्हाड होती, ती त्याने वर केली नाही. जरमाचा हात आपल्यावर पडायचा नाही, अशी त्याची खात्री. मी घातली, कानाच्या वर. तो पडल्यावर आणखी दोनदा घातली. आमचे लोक धावत आले ते मला धरायचं सोडून शेळ्यांवर तुटून पडले. एकूण एक शेळी ठेचली. खड्ड्यांमध्ये रक्त साचलं होतं.

म्हातारे म्हणतात, गप्प राहा, नाहीतर दोन्हीकडचे लोक एकमेकांना कापतील. असेल त्यांचं खरं. पण तुझी शिवी वाचल्यापासून माझ्याच्याने गप्प बसवत नाही. शुक्रवारी बाजारात तुझ्या काकांसमोर, सगळ्यांदेखत सांगणार आहे. पुढे ते माझं काय करतील ते करोत. तू आधी माझ्याकडून ऐकावंस म्हणून लिहिलं.

तुमची आई तुझ्याकडेच आहे, गिस्साबद्दल विचारेल. तिला सांग, तो घाबरला नव्हता. शेवटपर्यंत मला भाऊच समजत होता.

तुझ्या गिस्साला मारणारा,
सौमाना