उष्टी हळद येण्याआधी

पिपलानी, भोपाळ
रंगपंचमीचा दुसरा दिवस

प्रिय मनूताई,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. घरात कोणी आजारी नाही. बाबा सकाळच्या भोंग्याला सायकल काढून कारखान्यात गेलेत, आई शेजारच्या सुशीलामावशींकडे पापड लाटायला. मी आतल्या खोलीची कडी लावून लिहायला बसलेय. भर दुपारी कडी कशाला, असं आईने विचारलं असतं. हल्ली मी प्रत्येक गोष्टीला कडी लावते, ताई.

तुला माझं लग्न ठरल्याचं कळलंच आहे. वैशाखात. अच्युतशी, म्हणजे ज्याच्यासाठी मी गणेशोत्सवाच्या नाटकाच्या तालमींना तीन महिने जाऊन एकच वाक्य बोलत होते, त्याच्याशीच. पण ते कसं ठरलं, ते आईने तुला गोड करून लिहिलं असणार. शिवाजी नगरातून त्याची आई, विजयाकाकू, पहिल्यांदा आल्या तेव्हा मला बसवून, फिरवून बघितलं आणि आईला म्हणाल्या, “मुलगी गोड आहे हो, पण अंगाने जरा जास्तच भरलेली. आमच्या अच्युतशेजारी मोठी बहीण वाटेल.” आणि अच्युत? वर्षभर माझ्या कॉलेजच्या बससाठी पिपलानीच्या नाक्यावर उभा राहणारा हा माणूस पोह्यांतली शेव वेचत बसला. तुला माझं डोकं माहीत आहे. मी त्याच दिवशी ठरवलं, दाखवतेच यांना.

दिवाळीला तू आलीस तेव्हा मी दोन वेळचं जेवण सोडलेलं होतं. तू स्वयंपाकघरात अनारसे तळता तळता मला काय सांगितलंस, ते मला शब्दन् शब्द आठवतं. मुन्नाच्या वेळचं तुझं वजन तू दीड वर्ष घेऊन उतरवलंस. म्हणालीस, “वैजू, घाईने उतरवलंस तर आतलं जातं आणि कातडी मागे राहते. वरण, दूध, उसळ सोडू नकोस. रोज चाल. भिंतीला हात टेकून जोर काढ, छातीखालचा स्नायू धरून राहतो. आणि आतले कपडे नीट मापाचे घाल.” मी हसले. म्हटलं, मी काय आखाड्यात उतरतेय? दीड वर्ष! मला तर संक्रांतीला विजयाकाकूंसमोर उभं राहायचं होतं. तू म्हणालीस ते मला म्हातारीचं वाटलं. तू फक्त सहा वर्षांनी मोठी आहेस.

मग मी जे केलं ते तुला कोणी सांगितलेलं नाही. सकाळी काळा चहा, दुपारी काकडी, रात्री आईसमोर पोळी मोडायची आणि ओंजळीतून ओढणीत टाकायची. उन्हं वर यायच्या आत बरखेड्याच्या मैदानाला फेऱ्या. डोकं गरगरायचं, तेव्हा मला वाटायचं, चला, काम होतंय. कॉलेजच्या लॅबमध्ये एकदा खाली पडले. मॅडम म्हणाल्या, “बेटा, पहले घर जाके खाना खाओ, फिर केमिस्ट्री पढ़ना.” मागच्या बाकावरच्या मुली फिसकन हसल्या. मी जर्नल टेबलावर आपटलं आणि बाहेर पडले ती पडलेच. दुसरं वर्ष तिथेच राहिलं. बाबा आठवडाभर बोलले नाहीत. मला त्याचंसुद्धा काही वाटलं नाही. मी स्टेशनवरच्या वजनाच्या मशीनवर उभी राहून तिकिटावरचा आकडा बघत होते.

आणि जिंकलेही. संक्रांतीला विजयाकाकू म्हणाल्या, “अगंबाई, ओळखूच आली नाहीस!” तिळगुळाबरोबर होकार देऊन गेल्या. अच्युत म्हणाला, “क्या बात है वैजू, पण तू आधी पण छानच होतीस.” तेव्हा बोलायला काय झालं होतं रे तुला, असं मी विचारलंदेखील. तो मान खाली घालून म्हणाला, “आईसमोर माझी फाटते यार.” मी भांडायचं सोडून हसले. त्याच्यावर माझा राग टिकत नाही, ही माझी जुनी खोड.

आता पुढचं लिहायचं म्हणजे... ताई, हे वाचताना भाऊजींना जवळ बसवू नकोस.

वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशीचा फुगा तू बघितला आहेस ना? फुटलेला नसतो, पण हवा गेलेली असते. मी तशी झालेय. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर जागेवर जायला वेळ लावते. दंडाखाली लोंबते. आणि छाती, हा शब्द लिहिताना मी एकदा कडी तपासून आले, छाती पार उतरली आहे, गं. एकविसाव्या वर्षी. साडीत दिसत नाही, मी पदर तसा पिन करते. आंघोळीच्या वेळी न्हाणीघरातला दिवा लावत नाही. आरशाकडे पाठ करून कपडे बदलते. तू सांगितलेले भिंतीवरचे जोर आता रोज काढते, दूध पिते, डाळ खाते. दंडात जोर आलाय, बाकी जिथल्या तिथे. तू सांगितलं होतंस ना, वेळ लागतो. तो वेळच मी खाऊन बसले.

खरी गंमत पुढे आहे. अच्युतकडची माणसं नागपूरची. त्यांच्यात नवऱ्या मुलाची उष्टी हळद घेऊन त्यांच्याच सवाष्णी येतात आणि नवरीला हळद लावून, न्हाऊ घालून जातात. मागच्या आठवड्यात हे बोलणं निघालं आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, मला कोणी हात लावायचा नाही, हळद मी माझी लावीन. विजयाकाकू चहा अर्धा ठेवून उठल्या. चार दिवसांनी सुशीलामावशी आईला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, “शिवाजी नगरात बोलतायत, मुलीच्या अंगावर कोड असणार. नाहीतर एवढं लपवायचं काय?”

आई रात्री माझ्याजवळ येऊन बसली. एवढंच म्हणाली, “वैजू, डाग आहे का गं? मला दाखव.” मी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. आईपासून, ताई! जिने मला न्हाऊ माखू घातलं तिच्यापासून. माझं हे गप्प राहणं तिने होकार धरलंय. परवापासून ती देवासमोर बसून रडते आणि बाबांना सांगत नाही. मी एका वाक्यात तिचं रडणं थांबवू शकते. ते वाक्य तोंडातून निघत नाही. लोकांना डाग आहे असं वाटलेलं मला चालतंय, हे दिसलेलं चालत नाही. डागात निदान माझी चूक नसती.

काल रंग खेळून झाल्यावर अच्युत बाजारात भेटला. कानाला हिरवा रंग तसाच. म्हणाला, “जो है सो बोल दे वैजू. कोड असलं तर असू दे. मी आईला सांगितलंय, लग्न हिच्याशीच.” सांगितलंय! त्याने, विजयाकाकूंना! शेव वेचणाऱ्या माणसाने! आणि मी काय करावं? भर बाजारात ओरडले, “तुला पण बघायचंय का? मोडून टाक लग्न.” भाजीवाली बघत राहिली. तो तिथेच उभा होता, मी मागे वळून पाहिलं नाही. ज्या गोष्टीला तो तयार झाला तिच्यापुढे माझी गोष्ट केवढीशी आहे, आणि तीच मला सांगता येत नाही.

येत्या रविवारी विजयाकाकू त्यांच्या नणंदेला घेऊन बांगड्यांचं माप घ्यायला येणार आहेत. बांगड्यांसाठी दोघी कशाला, ते आईलाही कळलंय, मलाही. म्हणून हे पत्र. तू शनिवारच्या पंजाब मेलने ये. मुन्नाला घेऊन ये, आईला बरं वाटेल. आल्यावर मी आतल्या खोलीची कडी लावीन, पण या वेळी दिवा लावीन, आणि तू मला बघ. सगळ्यांच्या आधी तू. तू “सांगितलं होतं ना” म्हणालीस तरी चालेल. मला फक्त तुझा चेहरा बघायचाय. तो फिरला नाही, तर मी स्वतः जाऊन आईला सांगीन, रविवारी त्या दोघींना आत बोलवीन, आणि अच्युतला नाक्यावर गाठून सांगीन की डाग नाही रे, मी घाई केली. त्यांची हळद येऊ दे मग, कोणाचेही हात लागू देत. पहिला हात तुझा लागू दे. तेवढ्यासाठी ये.

तुझीच, तुझं कधीच न ऐकणारी,
वैजू