बेसमेंटमधली तुझी भिंत

माझ्या चिंचणीवाल्या आईस,

आज सकाळी ताईचा फोन आला आणि मी तिच्याशी धडधडीत खोटं बोललो. तेव्हापासून बेसमेंटच्या पायरीवर बसून आहे. खाली जाववत नाही, वर बायकोला तोंड दाखववत नाही. मग म्हटलं, तुलाच लिहावं. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून एवढं धाडस होतंय बहुतेक!

आई, खाली बेसमेंटमधल्या होम थिएटरची ती दगडी भिंत मी गेल्या आठवड्यात फोडली.

आठवतं ना, बोईसरचा बंगला बांधला तेव्हा एक अख्खी भिंत दगडी टाइल्सची हवी म्हणून मी किती नाचलो होतो? तू म्हणालीस, "दगुड बघायचं तर दर्यावर ये की रं!"

मिस्त्रीने खोकी फोडून काळे, करडे, पिवळट तुकडे एकमेकांत मिसळून जमिनीवर पसरले होते. तसेच लावायचे असतात, म्हणजे रंग भिंतभर विखुरतो. तो जेवायला गेला आणि तू खाली उतरलीस. जन्मभर बाजारात मासळीचे वाटे लावणारी बाई तू, तुला तो पसारा कसा बघवेल? काळ्यांत काळे, पिवळ्यांत पिवळे, मोठे एकीकडे, बारके एकीकडे. छान वाटे लावून दिलेस! मिस्त्रीला वाटलं, घरच्यांची हीच आवड. त्याने तसेच चिकटवले.

संध्याकाळी कंपनीतून येऊन बघतो तर एक कोपरा काळाकुट्ट, मधे करडा पट्टा, पलीकडे सगळं पिवळं. मिस्त्री म्हणाला, "अम्मा ने ऐसे रखा था, तो ऐसेही लगाया." आणि तू पदराला हात पुसत म्हणालीस, "मेल्यांनी सगली सरमिसळ करून पाठवली होती. मी नीट लावून दिली."

मला ओरडता आलं नाही. पण का गं, कुणाला विचारलं नाहीस? एक हाक तरी मारायचीस!

कंपनीतले मित्र मॅच बघायला यायचे आणि भिंतीकडे बघून हसायचे. मी सांगायचो, मिस्त्री अडाणी निघाला. एकदा तू चहा घेऊन दारात उभी होतीस तेव्हाही हेच बोललो. ऐकलंस का तू? ऐकलं असशील तर मला फटकारलं का नाहीस? रात्री दिवे मालवायला तू खाली जायचीस तेव्हा भिंतीवरून हात फिरवायचीस. मला वाटायचं, ओल आली का बघतेस.

तू होतीस तोवर त्या भिंतीला हात लावायची माझी हिंमत नव्हती. तू गेलीस आणि मनात आलं, आता कुणाला वाईट वाटणार? अजून तुझं वर्षश्राद्धसुद्धा झालेलं नाही गं! लाज वाटते लिहिताना. तोच मिस्त्री आला. ग्राइंडर लावण्याआधी त्याने विचारलंही, "अम्मा की दीवार है साहब, रहने दें?" मी म्हणालो, निकालो.

काल नवी भिंत लावून झाली. रंग अगदी हवे तसे विखुरलेत. आता कुणी हसणार नाही.

आणि आज ताईचा फोन. "रविवारी बाजारातल्या बाया येनार हायत तुज्याकडं. आईची भिंत बघायला."

"आईची भिंत?"

"अरे, तुला माहीत नाय? सगल्यांना सांगायची, पोराच्या बंगल्यात एक भिंत माज्या हातची हाय. आजारी पडली तवा पण म्हणत होती, बरी झाले का तुमाला नेऊन दाखवते."

आई! मासळी विकणं सोडल्यावरही तू बाजारात जायचीस ते हे सांगायला? बाजारभर सांगितलंस आणि मला एका शब्दाने नाही?

मी ताईला म्हणालो, "ओल आली होती गं भिंतीला. काढावी लागली." ती म्हणाली, "तुला लय वाईट वाटलं असंल ना रं?" आणि मी "हो" म्हणालो. हो म्हणालो, आई!

हे लिहून झालं की आधी ताईला फोन करतो आणि खरं सांगतो. बायांना येऊ नका म्हणणार नाही. रविवारी त्यांना खाली नेईन, मऊ खुर्च्यांवर बसवेन आणि सांगेन, ओलबिल काही नव्हती, मला आईच्या कामाची लाज वाटली म्हणून मी भिंत फोडली. आपल्या बाजारातल्या बाया त्या, शिव्यांना कमी करणार नाहीत. देऊ देत. तू मला कधी दिल्या नाहीस. तुझ्या वाटणीच्याही त्यांच्याच तोंडून ऐकेन, आणि त्यांचं संपेपर्यंत उठून वर जाणार नाही.

पायरीवर तोंड लपवून बसलेला,
तुझा दिनू