दोन वाहिन्यांची नाळ

आत्याबाई, सुनेनं सासूला पत्र लिहावं, तेही सासू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, हे ऐकून तुम्ही पदर तोंडाला लावून हसला असता. पण आज लेक चुलीपाशी पाठमोरी उभी होती, उंचीनं माझ्या खांद्याला लागलेली, आणि तुमची फार आठवण आली.

ती पोटात होती त्या दुष्काळात सोसायटीनं गावाबाहेर चारा छावणी उघडली होती. तुमचा लेक ऊसतोडीला गेलेला, तुमचे गुडघे धरलेले, म्हणून जनावरांपाशी मला धाडायचात. निघताना रोज बजावायचात, पोटुशीनं जनावराचं दावं ओलांडू नये, बाळाच्या नाळेला बाधतं. छावणीत तर गोठ्याला गोठा लागलेला; दावं न ओलांडता जाणार कुठून? ओलांडूनच चारा टाकायचे आणि घरी येऊन तुमच्यापासून लपवायचे.

पाचव्या महिन्यात केजला सोनोग्राफी केली. डॉक्टरीणबाई पडद्याकडे बराच वेळ बघतात. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात, बाई सांगतात, एक बाळाकडे रक्त नेते, दोन परत आणतात. इथं परत आणणारी एकच दिसते. मी पडद्याकडे बघतच नाही, तुमच्याकडे बघते. आता दाव्यांचा विषय निघणार आणि माझी काही धडगत नाही.

तुम्ही पुढं झालात. "बाई, हिला छावणीत मीच धाडलं. तिथं दावी वलांडल्याबिगर पाऊल टाकता येत न्हाई, मला म्हाईत हाय. माझ्यामुळं झालं का हे?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. दाव्याचा काही संबंध नाही, नाळ अगदी सुरुवातीलाच अशी घडते, त्यात कुणाचीच चूक नसते, असं त्यांनी तुम्हाला बसवून सांगितलं. बाळाचं हृदय, मूत्रपिंडं नीट दिसत होती. वाढ तेवढी अधूनमधून बघायची. अशी पुष्कळ बाळं चांगली जन्मतात.

पुढच्या प्रत्येक तपासणीला, गुडघे दुखत असतानाही, तुम्ही जीपमध्ये माझ्या शेजारी. लेक झाली तेव्हा नर्सबाईंकडून नाळेचं कापलेलं टोक बघून घेतलंत आणि मला येऊन सांगितलंत, "दोनच हायेत. पर पोरीनं भागवलं बघ." त्या दिवशी तुम्ही लई खूश होता, आणि मीही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. एवढंच सांगायचं होतं, की सोनोग्राफीच्या त्या खोलीत मला तुमचा हात धरावासा वाटला होता. सासूचा हात सून कशी धरणार, म्हणून उगीच पदर सारखा करत बसले.