डावखुरी गाठ

दुबई, रविवार

आई,

तुझ्या पाया पडते. मी बरी आहे. मेसमध्ये वरणभात मिळतो, भरीत मात्र नाही. तुझा गुडघा कसा आहे? हितेंद्र तुला जळगावला दवाखान्यात नेणार होता, नेलं का?

काम चालू आहे. इथे आम्ही चार देशांचे पोलीस मिळून जंगली जनावरांची चोरटी वाहतूक पकडतो. परवा बंदरावर आपल्या जळगावच्या केळीचा कंटेनर उघडला. खोक्यांत केळीखाली कासवं होती, पाठीवर चांदण्या असलेली. केळी पिकू नये म्हणून आत गारठा ठेवतात, त्यात सगळी मेली होती. मी एकेक उचलून टेबलावर ठेवलं. काही वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

त्यांचे पाय केळीच्या सोपटाने, खोडाच्या वाळक्या सालीने, बांधलेले होते. गाठ डावखुरी होती. हितेंद्र लहानपणी डाव्या हाताने वासरू बांधायचा तेव्हा तू म्हणायचीस, "याची गाठ कोनाले सुटत नही." मलाही सुटली नाही. कापावी लागली.

साहेबांनी विचारलं, काही ओळखीचं दिसतं का. हे कंटेनर भरायला माझा भाऊ जातो, असं सांगून मी त्याचं नाव आणि घराचा पत्ता दिला. मग चहा प्यायले.

परवापासून मी फोन उचलला नाही. तुझ्याशी खोटं बोलता आलं नसतं, आणि खरं बोलले असते तर तो पळाला असता. हे पत्र पोचेल तोवर आमची माणसं घरी येऊन गेलेली असतील.

गुडघ्यासाठी आता मीच येते. दार उघडशील का?

तुझी,
मोनाली