पाहुण्यांच्या आधी मंडप

तीर्थरूप धुरपता मावशीस,

खुमेंद्रचं पाया पडणं. तुझा खोकला गेला का? इकडे सारे मजेत, मी जरा जास्तच.

सध्या मी आपल्याच जिल्ह्यातल्या गोरेगावात, हुकुमचंदभाऊंच्या मंडप-खुर्च्या भाड्यानं देणाऱ्या बिछायत केंद्रात आहे (नागरा गावातलं मोबाइल दुरुस्तीचं काम सोडलं, बसून बसून पाय आखडायचे). भाऊंनी एआय एजंट ठेवलाय. गिऱ्हाइकाचा मेसेज तोच वाचतो आणि दिलेल्या टूलांतलं एक निवडून गोदामातल्या गड्यांना हुकूम सोडतो. 'खुर्च्या पाठवा' हे एक टूल, 'मंडप पाठवा' दुसरं. कोणतं केव्हा वापरायचं, हे त्याला वर्णनावरूनच कळतं आणि ती वर्णनं लिहायचं काम माझं (बारावी दोनदा दिली, लिहायचा सराव आहे). मंडपाचं लिहायचं त्या दिवशी बाजार होता, म्हणून मी एका ओळीत उरकलं: "मंडप पाठवा: लग्नाची गोष्ट निघाली की वापरा."

रविवारी गावातल्या सुखवंताबाईंनी मेसेज टाकला, "ओमेश्वरीच्या लग्नाचं पाहाले पाहुणे येऊन राहिले, सहा खुर्च्या पाठवा." आणि त्या मिठाई आणायला गेल्या. परत येईपर्यंत अंगणात मंडप, झालर, कमान, वर 'शुभविवाह'! घरी असलेल्या ओमेश्वरीच्या मामाला वाटलं बाईंनी सांगितलं, ओमेश्वरीला वाटलं मामानं. तेवढ्यात अर्जुनी मोरगावचे पाहुणे जीपमधून उतरले. पोराचा बाप म्हणाला, "इथं तं आजच दुसऱ्यासंगं लगन लागून राहिलं! चला वापस." चहासुद्धा न घेता गेले.

सुखवंताबाई तडक दुकानात. "काऊन रे खुमेंद्र, माह्या पोरीचं लगन आज होतं, अन् मलेच पत्ता नाही?" मग रडल्याच. पाहुणे दारातून उठून गेले, असं गावभर होणार.

मागे ओमेश्वरी उभी. ती रडली नाही. मी लिहिलेलं वर्णन वाचून म्हणाली, "त्या एजंटले आपल्या गावची रीत काय मालूम? सारं लिहून दे ना. पोरगी पाहाले आले तं फक्त खुर्च्या. लगन पक्कं झालं, तारीख ठरली, तवाच मंडप. नाही समजलं तं विचार म्हणा." मी तसंच लिहिलं. तेव्हापासून चूक नाही (परवा बारशाला मात्र त्यानं तीनदा विचारलं, लग्न पक्कं आहे का?). आता ती रोज बाकीची वर्णनं तपासायला येते. काल पाण्याच्या ड्रमच्या वर्णनावरच दुपार गेली.

तुझा,
खुमेंद्र

ता. क. ते पाहुणे तुझ्याच गल्लीतले. जाऊन सांग, मंडप माझ्या चुकीचा, पोरीचं कुठं ठरलेलं नाही. सुखवंताबाईंना मी शब्द दिलाय.

आणखी ता. क. शब्द दिलाय, तारीख दिली नाही. एकोणीस टूलांची वर्णनं बाकी आहेत, तोवर जाऊ नकोस. (ही ओळ ओमेश्वरीनं लिहायला सांगितली.)