बहात्तरची बेरीज

तंजावूर, आडी महिना, शुक्रवार, १९९६

मैथिलीची निवड झाली! आकड्यांची कोडी सोडवायच्या स्पर्धेला नात माझी परदेशी जाणार. पण मुलगा अडूनच बसला, "एकट्या पोरीला कसं पाठवू, अम्मा?"

माझ्या डोळ्यांपुढं ती सहा वर्षांची असतानाची उभी राहिली. देवघरात मी कुबेराचं कोलम, म्हणजे रांगोळी, काढत होते, नऊ घरांत नऊ आकडे. ती म्हणाली, "आज्जी, बाकी आडव्या ओळी बहात्तर, हीच एकाहत्तर कशी?" लग्न झाल्यापासून मी एकवीसच्या जागी वीस लिहीत आले होते! बहात्तर होतात हे मला कुठं ठाऊक? पुसून नीट काढलं.

मुलाला म्हटलं, "तेव्हा मी तिचं ऐकलं, आता तू ऐक." त्यानं सही केली बाई परवानगीच्या कागदावर! मैथिली विचारते, "तिकडनं काय आणू?" म्हटलं, तिथं दहीभात मिळतो का ते आधी विचार.