हळद लागलेला बेल्ट

प्रिय बाबा,

काल मी झोपले नाही. कोजागिरी होती, आख्खी गल्ली जागी होती, पण लोक दुधासाठी जागले आणि मी भीतीनं. आज सकाळी हे परांचीवर चढणार होते. रुचा झाल्यापासून एवढ्या उंच पहिल्यांदाच. तुमची नात बाबा, रुचा. नऊ महिन्यांची आहे, दोन दात आलेत आणि जो जवळ येईल त्याला चावते. तिला मांडीत घेऊन मी संकठा घाटाच्या पायरीवर बसलेय आणि वर बघत बघत लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं आहे. सातवीपर्यंतच शिकले, चुकलं तर हसू नका. तुम्ही हसणारच म्हणा.

हे म्हणजे ढुंढिराज. तुमच्या हाताखाली गाठी मारायला शिकला तोच. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी माझं त्याच्याशी लग्न झालं. काकांनी नाक मुरडलं, म्हणाले, एक बांबूवाला गेला तर दुसरा आणला. काकांनी पोथी धरली, तुम्ही बांबू धरला, ते त्यांच्या मनातून अजून जात नाही. पण घाटावर अजून तुमचंच नाव निघतं. पाड बांधायची असली (परांचीला इथं पाडच म्हणतात सगळे) की म्हातारे मिस्त्री म्हणतात, बिंदू गुरू की गाँठ मारो, हिलेगी नहीं. मला फार बरं वाटतं.

आत्ता यांनी बेल्टचा हूक लावला. मी पाहिलं. वरून हातही हलवला. मी ओरडले, हात नका हलवू, दोरी धरा! खालचे नाववाले हसायला लागले.

आता उंचावरून पडू न देणाऱ्या या बेल्टची गोष्ट ऐका. ठेकेदार दोन वर्षं टाळत होता. अगले महीने, अगले महीने. मग मी आणि सलीमचाचांची बायको, आम्ही दोघी गेलो. सलीमचाचा तुम्हाला माहीत आहेत, तुमच्यानंतरच्या वर्षी रोषणाईची तार लावताना गेले. आम्ही त्याच्या बांबूच्या ढिगावर बसलो आणि उठलोच नाही. मागून पाडवर चढणारी ही माणसं आली, यांच्यासकट अकरा जण, आणि म्हणाली, बेल्ट नहीं तो पाड नहीं. ठेकेदार मला म्हणाला, बहू, घर जाओ, बच्ची को धूप लगेगी. आणि मोठेपणा दाखवायला त्यानं रुचाला उचलून घेतलं. पांढरा कडक इस्त्रीचा कुर्ता होता त्याचा. बाबा, तिनं वरपासून खालपर्यंत भिजवला! पहिल्यांदा तो हसला, मग सगळेच. म्हणाला, ले जाओ भाई, बेल्ट भी ले जाओ, इसको भी ले जाओ. तिसऱ्या दिवशी अकरा बेल्ट आले, नवे, दोन दोन हुकांचे. एक सुटला तरी दुसरा लागलेला राहतो.

आणि मग आली खंडेनवमी. आपल्या घरची रीत तुम्हीच शिकवलीत. कामाची सगळी हत्यारं पाटावर मांडायची, हळद कुंकू, झेंडूचं फूल, आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. यांनी विचारलं, बेल्ट कुठे ठेवू? मी म्हटलं, पाटावर नाही. अंगावर घाला. अकराही जणांना बोलवा. बाबा, तुम्ही बघायला हवं होतं! अकरा माणसं बेल्ट बांधून पायऱ्यांवर ओळीनं बसलेली, लग्नाच्या पंगतीसारखी, आणि मी प्रत्येकाच्या छातीवरच्या पट्ट्याला कुंकू लावतेय. एकाला गुदगुल्या झाल्या. रुचानं एका हुकाला चावून बघितलं. काका वरून खिडकीतून ओरडले, हे कुठल्या शास्त्रात आहे? मी म्हटलं, माझ्या. मी काकांना उलट बोलले, आयुष्यात पहिल्यांदा. थोड्या वेळानं ते स्वतःच पेढ्यांचा डबा घेऊन खाली आले.

आज संध्याकाळपासून पंचगंगा घाटावर कार्तिकाचे आकाशदिवे लागणार, उंच बांबूंवर टोपल्यांत. यंदा घरोघरच्या पितरांच्या टोपल्यांबरोबर काम करता करता गेलेल्यांच्याही टोपल्या वर जातील. एक सलीमचाचांची, एक मोहन रंगाऱ्याची, एक तुमची. तुमच्या बांबूला तुमचा जुना बेल्ट गुंडाळणार आहोत. हे म्हणाले, तो आता वापरायचा नाही, इतक्या वर्षांत शिलाई कमजोर होते. मी धुतला, घासला, पण त्यावरची हळद काही जात नाही.

ती हळद मीच लावली होती. त्या नवमीला निरोप आला, एकच गाठ मारायची राहिलीये, गुरू, पाच मिनिटं या. तुम्ही बेल्टला हात लावला आणि मी म्हटलं, बाबा, पूजेतलं हलवायचं नाही. तुम्ही हसलात, तोंडात पेढा टाकलात आणि तसेच गेलात. हे सगळ्यांना माहीत आहे. पुढचं फक्त आपल्या धाकट्या बाळूला आणि मला. तुम्ही घाटावरून फोन केलात, वारा फार आहे, बाळूबरोबर बेल्ट पाठव. बाळूनं पाटावरून उचललाही होता. मी त्याच्या हातातून काढून घेतला, परत ठेवला, पडलेलं फूल पुन्हा वर ठेवलं. म्हटलं, बाबांना सांग, देवाचं आहे. तो रिकाम्या हातानं धावत गेला. तो पोचला तेव्हा तुम्ही खाली होतात.

बाबा, मी चुकले. एवढं लिहायला मला चार वर्षं लागली.

हे खाली उतरले. आत्ताच. पायरीवर टेकून पाणी पिताहेत, रुचा त्यांच्या हुकाशी झोंबतेय, आणि मला रडू येतंय आणि हसूही. कागद प्लास्टिकात बांधून टोपलीच्या खाली लावते, दिव्याची आच लागणार नाही.

तुमचीच,
कस्तुरी

जो कोणी टोपली खाली घेईल त्याला. दादा, काका, ताई, जे असाल ते. बाबांना हे सगळं आधीच कळलं असणार, खरं तर हा कागद मी तुमच्यासाठी बांधलाय. इथं मराठी वाचणारं कोणीतरी निघेलच. माझा भाऊ बाळू नागपूरकडे मोबाइलच्या टॉवरवर चढतो. बेल्ट घालत नाही. त्याच्याबरोबरच्या पोरानं सांगितलं, बेल्ट दिसला की तो तोंड फिरवतो. माझा नंबर बघितला की फोन कापतो. तुमचा नंबर त्याला माहीत नाही, तुमचा उचलेल. त्याचा नंबर मागच्या बाजूला मोठ्या आकड्यांत लिहिलाय. त्याला सांगा, चूक ताईची होती, तुझी नाही, ताईनं बाबांच्या दिव्याखाली लिहून दिलंय. सांगा, यंदा पूजा अंगावरच्या बेल्टची झाली, तसलाच बारावा बेल्ट तुझ्यासाठी विकत घेऊन ठेवलाय, आणि भाचीला दोन दात आलेत. तो चढायच्या आधी, सकाळी आठच्या आत, त्याला एवढा फोन करा.